चिंधीचं शेपूट

४ नोव्हेंबर

माझी बादली गेली. अंघोळीची. निळी, कडी शाबूत असलेली – या घरात निव्वळ माझ्या मालकीची अशी तेवढी एकच वस्तू उरली होती. राज्य खालसा करतानाही आधी दवंडी पिटतात म्हणे. इथे मी टॉवेल गुंडाळून उभा, आणि बादली गॅरेजमध्ये इंजिनाच्या पोटाखाली!

"तेल काढायला मोठं भांडं हवं होतं, जावईबापू," सासरे म्हणाले. दिलगिरी शून्य.

सासरे निवृत्त दंतवैद्य. त्यांची जुनी गाडी त्यांच्या लेकीहून, म्हणजे हिच्याहून, वयाने मोठी आणि लाडातही चार पावलं पुढे. गेल्या महिन्यात भर चौकात तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि गप्प झालं. गाडी टोचन करून घरी आणली. हिने जागच्या जागी निकाल दिला – बाबा तेल घालायला विसरले. गाडीची किल्ली हिच्या शिवणाच्या डब्यात गेली. आता इंजिन उघडून बघायचं, आणि मग गाडी ठेवायची की विकायची ते ठरवायचं.

"घातलं होतं असं वाटतं," असं सासरे तेव्हा म्हणाले होते. त्यांच्या वयाला 'वाटतं' हा पुरावा धरत नाहीत. मीही जेवताना म्हणालो होतो की आमच्या सासऱ्यांची गाडी तेलावर नाही, आशीर्वादावर चालते. सगळे हसले. तेही हसले.

वर्कशॉपच्या दोघांनी येऊन साखळीने इंजिन उचललं आणि गॅरेजातल्या टेबलावर मांडून ठेवलं. तेल माझ्या बादलीत. बादली कायमची बाटली.

५ नोव्हेंबर

नळाखाली उकिडवं बसून अंघोळ. तिथे डोक्यात प्रकाश पडला – बादलीत तेल आलं कुठून? तेही इंजिनात मावतं तेवढं, पुरेपूर!

हिला सांगितलं. म्हणाली, टोचनवाल्याने ओतलं असेल. शिवाय, "तू बाबांसाठी भांडतोयस की बादलीसाठी?"

बायको असले प्रश्न नेमके विचारते. मी विषय बदलला.

८ नोव्हेंबर

इंजिनाची चिरफाड सुरू. सासऱ्यांची हत्यारं निम्मी गॅरेजची, निम्मी दवाखान्याची – पाने, हातोडी, आणि त्यांच्या शेजारी तो दात बघायचा गोल आरसा नि आकडेवाली सळई. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा जबडा, उचलताना इंजिनाला म्हणाले, "आ करा." पिस्टनला दाढा म्हणतात. बघतात कमी, चाचपतात जास्त. मला ती कलाकाराची लकब वाटते. माझं काम बॅटरीचा झोत धरणं आणि मधून मधून विनोद करणं.

उघड्या प्रत्येक भोकात ते चिंधी कोंबतात, म्हणजे आत नट पडायला नको. आणि प्रत्येक चिंधीला लांब पांढरा दोरा, बाहेर लोंबणारा. ते शेपूट! दवाखान्यात कापसाच्या बोळ्याला दोरा बांधायचे, रोग्याने गिळू नये म्हणून. तीच सवय. शेपूट दिसत नसेल तर झाकण लावायचं नाही, हा त्यांचा एकमेव धर्म.

गेल्या हिवाळ्यात मी त्यावर वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदरात लेख पाडला होता – सासऱ्यांच्या इंजिनाला फुटलेली शेपटं. गावभर हशा. सासऱ्यांनी तो हिच्याकडून दोनदा वाचून घेतला, म्हणाले, छान जमलाय.

आज ती शेपटं बघून हसू आलं नाही. का कोण जाणे.

९ नोव्हेंबर

का ते कळलं.

इंजिनाच्या बुडाचं चेंबर आज काढलं. बेअरिंगं रुपेरी असायला हवीत, तर तांबं वर आलेलं, ओरखडेच ओरखडे. "तेल पोचलेलंच नाही," सासरे म्हणाले. तेल होतं, पोचलं नाही. मग अडलं कुठे? चेंबरातून तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती गच्च बुजलेली. त्यांनी आकडा घातला, हलक्या हाताने फिरवला – दाढेतून काही काढावं तसा – आणि काळा, लिबलिबीत बोळा बाहेर आला. उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे.

"काय आहे हो हे? या बॅटरीत काही धड दिसत नाही."

मला दिसलं. घडीच्या आत एक निळी रेघ, तिच्या शेजारी पांढरी. माझा पायजमा.

तो लेख छापून आला त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह नीट केले होते. सासरे फोन घ्यायला घरात गेले. तेल खाली उतरायच्या भोकात मी पायजम्याची चिंधी कोंबली. बिनशेपटाची. गावभर शेपटांची टिंगल करून झाल्यावर कुठल्या तोंडाने दोरा बांधणार! ते आले, बाहेर एकही शेपूट लोंबत नव्हतं – का लोंबेल? – आणि आम्ही झाकण लावलं. चिंधी आतच राहिली, आणि तेलाबरोबर खाली जाळीपर्यंत उतरली.

"गाळ," मी म्हणालो.

बोळा खिशात घातला.

१० नोव्हेंबर

जन्मभर शब्द विकून पोट भरलं. काल वापरला तो सगळ्यात हलका माल.

१२ नोव्हेंबर

गाळाने भलतंच सुरू केलं. सासऱ्यांनी अर्थ लावला की गाळ साचला म्हणजे तेल वेळेवर बदललंच गेलं नाही. "आणि मला तर बदलल्याचं स्वच्छ आठवतंय," असं ते हिला म्हणत होते, अगदी हळू.

आता गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात जातात. चष्मा नाकावर असताना चष्म्याच्या डबीला हात लावून येतात. आज मला विचारलं, काल तुमचा पाना मी परत दिला ना? दिला होता. दिला होता असं मी सांगितलं, तरी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. या माणसाला कोणी खोटं बोलत असेल अशी शंका येत नाही. स्वतःचीच येते.

हिने सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीच्या. हे ऐकून सासरे नुसते "बरं" म्हणाले. हट्ट नाही, चिडणं नाही! मला वाटलं होतं, निदान भांडतील.

बोलायला जागा होती. मी डॉक्टरांवर विनोद केला. कोणी हसलं नाही.

१४ नोव्हेंबर

सांगितलं.

गॅरेजात बसून ते बेअरिंगं पुसत होते. मी बोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणालो, हा गाळ नाही, माझा पायजमा आहे. मग बाकीचं. लेख, फोन, भोक. एरवी मला सुचतात त्यांतलं एकही विशेषण जवळ फिरकलं नाही.

त्यांनी बोळा बोटांत चुरून पाहिला.

"शेपूट?"

"नव्हतं."

"का?"

"लाज वाटली."

बोळा त्यांनी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी तेल घातलं होतं."

"हो."

"बदललंही होतं."

"वेळेवर."

ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, डोकं चाललं माझं," एवढंच म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले. मी गडबडीने हातातली चिंधी पुढे केली. त्यांनी ती एकदा चाचपून परत दिली. "नको. हिलाही शेपूट नाही."

संध्याकाळी हिला सांगितलं. आरडाओरडा झाला असता तर सुटलो असतो. ही उठली, शिवणाच्या डब्यातून किल्ली काढली, बाबांच्या पुढ्यात ठेवली. डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली. मग माझ्याकडे वळून: "आणि तू जेवताना त्यांच्यावर विनोद करत होतास."

 

१५ नोव्हेंबर

सकाळी सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "डोकं जागेवर आहे एवढं कळलं, ते पुरे. डोळे मात्र गेलेत, जावईबापू. वर्ष झालं. सिग्नल मी पुढच्या गाडीवरून ओळखत होतो. त्या दिवशीही तुम्ही गाळ म्हणालात, मी गाळ धरला. गाडी विकू नका. तुम्ही चालवा."

दुपारी किल्लीला लांब पांढरा दोरा बांधला आणि त्यांच्या उशाशी, हात पोचेल अशा खिळ्याला अडकवली. इंजिन जुळलं की गाडी मी चालवीन, पण किल्ली त्यांच्याकडे मागून. एक शेपूट देणं लागत होतो.