कुशाबाईची टिकटिक

मंगळवार, ५ नोव्हेंबर

हर्षाली पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सातला रेडिओवर बोलणार. नात माझी, आणि बातमी कळली कुशाबाईकडून! ही माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत. पोरीने फोन आधी तिला केला. दारात येऊन म्हणते, "बाई, तुमी आमच्याकडंच या ऐकायला. तुमचा रेडिओ नुसता खरखरतोय." तिच्या लेकाने दिवाळीला नवा आणलाय, तेव्हापासून नाक वर.

मरेन, पण तिच्या ओट्यावर बसून माझ्या नातीला ऐकणार नाही.

गुरुवार, ७

आळेफाट्याच्या रेडिओवाल्या फुरकानकडून आवाज वाढवायचा बूस्टर आणला, एरियलला लावला. आधी माणसं खरखरीच्या आडून बोलायची. आता मोठ्या खरखरीच्या आडून मोठ्याने बोलतात.

भिंतीपलीकडून कुशाबाई — "बाई, भजी तळताय व्हय?"

शुक्रवार, ८

हर्षालीला फोन केला. ती हेच शिकते कॉलेजात. हसली. "आजे, बूस्टर किती वाढवतो ते बघू नको. येणारा आवाज लई बारीक असतो. त्यात पहिलंच मशीन आपली खरखर घालतं, मग पुढं दोन्ही वाढत जातं. किती खरखर घालतं त्याचा आकडा खोक्यावर असतो, नॉइज फिगर. कमी तेवढा बरा." दुसरा आकडा इनपुट पॉवरचा. म्हणजे आत किती जोराचं सोसवतं ते. त्याच्या वर गेलं की मशीन गुदमरतं.

समजलं मला. आमच्या कुशाबाईचंही हेच. स्वतःचीच खरखर एवढी, की दुसऱ्याचं बोलणं त्यात बुडतं.

रविवार, १०

आकडा बघून बूस्टर बदलून आणला. "आजी, हे कुणी शिकवलं?" फुरकान म्हणाला. म्हटलं, तू तुझं काम कर.

खरखर गेली. आणि मागून निघालं टिक — टिक — टिक. कुशाबाईच्या शेळ्यांच्या कुंपणाला करंट देणारं झटका मशीन! इतके दिवस माझ्याच खरखरीत बुडालं होतं. चांगली वस्तू आणली, तर जाऊच जास्त ऐकू यायला लागली.

गेले तिच्या दारात. "बंद कर ते."

"ऊसतोड चालू हाय, बाई. बिबट्या रोज फिरतोय. शेळ्या तुमी राखता का?"

"शेळी माझ्या नातीपरीस मोठी झाली व्हय तुला?"

वळून आत गेली. मी जिंकले.

मंगळवार, १२

ऐकलं. टिक नाही, खर नाही. पोरगी शेजारी बसून बोलावी तशी बोलली. बूस्टर बसला एकदाचा. मुद्दाम आवाज मोठा केला, पलीकडे जावा म्हणून. तिच्या ओट्यावर पाच-सहा बाया असतील. इथे मी एकटी. एकटीच बरी.

बुधवार, १३

कुशाबाईची गाभण शेळी बिबट्याने नेली. काल सातला झटका मशीन तिनेच बंद केलं होतं.

मी तिच्या दारात गेले. तिने विचारलं, "बाई, नीट ऐकू आलं का?"