राखेचा ढग आणि पालीला ठेवलेलं प्रस्थान

नवघर, भाईंदर पूर्व
बुधवार, जेवणानंतर

चिरंजीव म्हणावं तर तू माझ्याहून मोठा, आणि तीर्थरूप म्हणावं तर शाळेत माझ्या डब्यातली कोलंबी तूच खायचास. म्हणून नुसतंच प्रिय सहादेव, नमस्कार. वैजयंतावहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला असेल तर उत्तम, नसेल तर ओटीवर उघडा बसू नकोस. इकडे मी आणि कृष्णाबाई मजेत आहोत. मी अजून इकडेच आहे हे वाचून तू चमकशील (तुझ्या समजुतीप्रमाणे बॅग मागे राहिली आणि मी मस्कतला पोचलो). काल माझ्याऐवजी माझी बॅगच तुमच्याकडे पालीला आली, तिची हकिकत सांगावी म्हणून हे पत्र.

शुक्रवारी तिकडे मस्कतला, आमच्या लेकीच्या, मानसीच्या मराठी मंडळात आमची नात रुचिता तुझ्या-माझ्या शाळेतली ती वाट चुकलेल्या ढगाची कविता म्हणणार आहे. पोरीचं दुसऱ्या कडव्याला अडतं. फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही समोर बसा आणि मी अडले की नुसते ओठ हलवा." सहादेव, एवढ्या मोठ्या कामासाठी मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. काल कृष्णाबाईने ओवाळलं, नारळ फुटला, सोसायटीने हार घातला, आणि मी विमानतळावर पोचलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "अंकल, इथिओपियात ज्वालामुखी फुटलाय. त्याची राख वरती आलीय. फ्लाइट कॅन्सल."

मी काचेतून वर पाहिलं. आकाश ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं. म्हटलं, "बाळ, वारा मतलई आहे, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, हवा स्वच्छ आहे. असल्या दिवशी माझ्या वडिलांनी होडी बंदरात ठेवली नसती." ती म्हणाली, "काका, होडी राख खात नाही. विमानाचं इंजिन खातं, आणि ती आत वितळून काच होते." खरंच, पोटात काच घेऊन कोण उडेल? तरी त्या राखेचा राग काही येईना. कुठला कोण डोंगर, हजारो वर्षं मौनात होता म्हणे. एके दिवशी त्याने उसासा टाकला आणि तो अरबी समुद्र ओलांडून नेमका माझ्या तिकिटावर येऊन बसला. गुरुजींनी आपल्याला ढगांचे सगळे प्रकार शिकवले, हा तेवढा राहिला. रांगेत सगळे चिडलेले, म्हणून मी आपली कविता म्हणायला घेतली. पहिलं कडवं झकास झालं, एका गुजराती बेनने टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्याच्या तोंडाशी आलो आणि तेवढ्यात घोषणा झाली, त्यामुळे थांबावं लागलं.

घरी परतलो तर कृष्णाबाई गेटवरच उभी. "माणूस आला तर येऊ दे, सामान आत येणार न्हाय. ओवाळून निघालेली बॅग उंबऱ्याच्या आत आली की प्रवास मोडला." तुला आठवत असेल, आपल्या आया मुहूर्त टळू नये म्हणून गाठोडं आधीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायच्या. प्रस्थान ठेवलं की प्रवास सुरू झाला असं धरायचं, माणूस मागाहून निघाला तरी चालायचं. मी म्हटलं, समोर पटेलांकडे ठेवू. "पटेलांकडे? अहो, बॅगेत सुके बोंबील हायत! पालीला धाडा, कोळीवाड्यात. तिथे बोंबलाचा वास कुणाला येतोय?" म्हणून शेजारच्या नीलेशने स्कूटरवरून बॅग तुमच्याकडे आणली. म्हणजे शास्त्राप्रमाणे मी कालपासून प्रवासात आहे आणि सध्या मुक्काम तुझ्या घरी, फक्त वालाची आमटी इथे बसून खातोय. ढगालाही असंच वाटत असेल का रे, की आपण निघालोय पण पोचलो कुठेच नाही?

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला आता या वयात जागा नाही.

तुझा वर्गमित्र (आणि शास्त्रापुरता प्रवासी)
गोवर्धन

ता. क. : विमान आज संध्याकाळी सुटतंय, असा मेसेज सकाळीच आलाय. पासपोर्ट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. हे पत्र घेऊन आलेला नीलेश तुझ्या अंगणात स्कूटर चालू ठेवून उभा असेल. त्याच्याजवळ बॅग दे आणि परस्पर विमानतळावर आणायला सांग. मी तिकडेच निघतोय. (त्याला तोंडी काही सांगितलेलं नाही, एवढा मोठा निरोप तोंडी देणं बरं दिसत नाही. फोन केला असता, पण दुपारी तू तो तांदळाच्या डब्यात ठेवून झोपतोस.) तेव्हा वरचं पत्र जरा भरभर वाच.

ता. ता. क. : वहिनींनी बोंबील तव्यावर टाकले असतील तर राहू देत. बदल्यात सुका जवळा तरी पाठवा.

आणखी एक, हे कृष्णाबाईला कळू देऊ नकोस. दुसरं कडवं मलाही आठवत नाही. पहिल्यात ढग वाट चुकतो, तिसऱ्यात घरी येतो. मधे तो कुठे असतो, हे मी कालपासून आठवतोय. वर्गापुढे उभा राहून मी अडायचो तेव्हा पहिल्या बाकावरून तूच ओठ हलवायचास ना? तर तेवढं या पत्राच्या पाठीमागे लिहून नीलेशजवळ दे. बॅग एक वेळ राहिली तरी चालेल.