टाक्यातली होडी

प्रिय पौर्णिमा,

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, आई, मग जाऊ ना जहाजावर नोकरीला? आणि भाजी लागल्याचं निमित्त करून मी फोन बाबांच्या हातात दिला. भाजी काही लागली नव्हती. बाबांचा होकार तुला कधीच मिळालाय, घोडं माझ्यापाशी अडलंय, हे मला ठाऊक आहे. धीर धर, आधी होडीचं सांगते.

शाळेत असताना सागवानाच्या पट्ट्या जोडून केलेली तुझी ती होडी आठवते? पवनारला धाम नदीत सोडली, तशी भरून तळाशी गेली. तू रडली नाहीस, गुडघाभर पाण्यात उतरून तिला घेऊन आलीस. इतकी वर्षं ती माळ्यावर पडून होती. तुझ्या फोननंतर झोप येईना, म्हणून सकाळी उठून मी तिला खाली काढलं.

आपल्याकडच्या उन्हाने पट्ट्या आक्रसून फटी पडल्या होत्या. भुसा गोंदात कालवून त्या बुजवल्या, घासून गुळगुळीत केल्या. तेव्हा कळलं तुझं काय राहिलं होतं. बाहेरून तू तिला चकचकीत केलंस, आतलं लाकूड मात्र उघडंच ठेवलंस. म्हणून मी आतूनही वॉर्निश दिलं. पहिला हात कूलरसमोर बसून मारला, तर त्या ओल्या हवेने सगळं पांढुरकं पडलं. खरवडलं आणि कूलर बंद केला. पिपरीत मे महिन्याच्या भर दुपारी बायकोने कूलर बंद केला, हे गाऱ्हाणं बाबा गल्लीभर सांगून आले.

काल अंगणातल्या टाक्यात तिला सोडलं. आत उडदाचा वाळलेला पापड ठेवला. ओल आली तर तोच आधी सांगेल. बाबा म्हणाले, "पोरगी समुद्रात जाऊन राह्यली, अन् तू पापड भिजवून राह्यली." मी कडुनिंबाखाली बाजेवर पडून बघत राहिले. पाणी हलायचं, त्याचा उजेड भिंतीवर थरथरत वर चढायचा. डोळा लागला आणि वाटलं, बाज, भिंत, दोरीवरच्या साड्या, सगळं घरच हळूहळू कुठेतरी निघालंय, आणि पुढे तू उभी आहेस. समुद्र मी पाहिलेला नाही. स्वप्नातलं पाणी आपल्या टाक्यातल्यासारखंच हिरवं होतं.

आज सकाळी पापड काढला. मोडून पाहिला तर कटकन वाजला, आणि तो आवाज ऐकून मी टाक्याच्या काठावर बसून पोटभर रडले. भीती गेलेली नाही, पौर्णिमा. पण माझं उत्तर हो आहे. तू जा. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. अर्धा पापड पाकिटात घातलाय, तुकडे झाले असतील, तरी भाजून खा. उरलेला अर्धा डब्यात ठेवलाय. तो तू परत आलीस की भाजू.

तुझीच,
आई