दसऱ्याचे बूट

नाशिक, रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

मिलिंद आज नेपाळचे फोटो दाखवून गेला. खिंडीवर, बर्फात, पाचही जण हसताहेत. मी नाही. चौथ्या दिवशीच टाचा सोलवटून परत फिरलो मी!

नवे बूट महिनाभर खोक्यात ठेवले. का? तर आई म्हणाली, "नवी वस्तू दसऱ्याला पूजा करूनच वापरायची." तिने बुटांना कुंकू लावलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. इतकी वर्षं किल्ले चढतोय, नवे बूट चावतात हे मला कळू नये?

"पुढच्या वर्षी जा रे," आई म्हणते. पुन्हा महिन्याची रजा कोण देणार?

संध्याकाळी तेच बूट घालून भाजी आणली. कुंकवाचा पुसट डाग अजून आहे. जरासुद्धा चावले नाहीत.