आधी गुरांची चौकशी

प्रिय खुशाल,

ढवळी व्याली का? मागच्या खेपेला तिचं पोट उतरलं होतं आणि तू गोठा सोडायला तयार नव्हतास. पाऊस काही उघडत नाही. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटत आहेत, असं तुझे थोरले सूर्यभानदादा फोनवर म्हणाले. अमरावतीतही ओल आहे. माझ्या खोलीची भिंत पाझरते. पुस्तकं पलंगावर घेतली आहेत आणि मी खाली निजतो. मैनावहिनींच्या चंदाताई चांदूर बाजारहून आल्या असतील. त्यांना मीच यायला सांगितलं.

पत्र पुस्तकी मराठीत आहे म्हणून हसू नकोस. आपली बोली नाकासमोर चालते. मला आज थोडं वळसा घालून यायचं आहे.

अकोल्याच्या त्या खोलीत आपण दोघं शिकत होतो तेव्हा मला मॉस्कोची शिष्यवृत्ती मिळाली. अब्बांनी दुकानातली सगळ्यात जाड रजई पिंजून दिली. ती तूच डोक्यावर घेऊन स्टेशनवर आलास आणि म्हणालास, ‘काहून जातं रे इन्या एवढ्या थंडीत? मरशीन तिकडं.’ मी मेलो नाही. रशियन शिकलो. तिथल्या खेड्यांत म्हाताऱ्या मेलेल्याला नावाने हाक मारून विचारतात, कुठे निघालास, दार का उघडं टाकलंस. ते मी लिहून घेतलं. मग अल्माटीला गेलो, कझाक शिकलो, आणि टेपरेकॉर्डर घेऊन माळरानावरच्या तंबूंतून हिंडलो. तिथे मला माझा विषय सापडला: मरणाची बातमी माणसं माणसांना कशी देतात.

पुढचं तू पाहिलंस. तो देश मोडला, पैसे थांबले, मी परत आलो. अमरावतीत संध्याकाळचा रशियनचा वर्ग काढला. आधी मुलं कमी झाली, मग वर्ग बंद झाला. निवृत्तीपर्यंत मी इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. एक पुस्तक लिहिलं तेही रशियनमध्ये. इथे ते कुणी वाचू शकत नाही आणि तिथे कुणी मागवलं नाही. ‘तिकडची रडगाणी काहून जमा करून राहिला?’ तू विचारायचास. ‘दर्यापुरात मानसं मरत नाईत काय?’ आपण दोघंही हसायचो.

तुझा विपुल तिकडे कामाला निघण्याआधी महिनाभर माझ्याकडे येत होता. दर्यापूरहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून यायचा. किती वर्षांनी मी फळा पुसला. पाणी, भाकर, दुखतं, घरी, एवढे रशियन शब्द तो झटकन शिकला. मी म्हणालो, गोदामातल्या कामाला एवढा पगार कुणी देत नाही. तो म्हणाला, ‘चाचा, डिप्लोमा करून घरीच बसून हावो. इथं काय ठेवलं हाय?’ मी फळ्यावर पुढचा शब्द लिहिला. तिथे गोदाम नव्हतंच. उतरल्यावर त्याच्या अंगावर लष्कराचा गणवेश चढवला.

त्याचा शेवटचा फोन तुला आला, सोबतच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. ‘बाबा, इथली माती आपल्यासारखीच काळी हाय. बुटाले चिकटली का सुटत नाई.’ नंतर काही नाही. तू तो नंबर माझ्या हातात दिलास. ‘तुले त्यायची भाषा येते. इचार. अन् मले फिरवून सांगू नोको. जे हाय ते सांगजो.’

मी विचारत राहिलो. तिथल्या एका कार्यालयातल्या बाईने सांगितलं, असं नाव आमच्याकडे नाही. माझं रशियन चांगलं आहे, असंही म्हणाली. तो मोबाइल मात्र बंदच होता. परवा लागला. पलीकडे नुरलान नावाचा माणूस होता, ओरेनबुर्गकडचा. रशियनमध्ये तो हो-नाहीपलीकडे जाईना. नावावरून तो कझाक असावा हे ओळखून मी कझाकमध्ये बोललो. त्याने विचारलं, तुम्ही वडील का? मी म्हणालो, वडिलांचा मित्र. ‘बरं झालं,’ तो म्हणाला. मग त्याने विचारलं, त्यांच्या घरची गुरं कशी आहेत? पाऊस झाला का?

खुशाल, तेव्हाच मला कळलं. ही रीत मी इतकी वर्षं लिहिली, तिच्यावर पुस्तक केलं. ते लोक बातमी रात्री देत नाहीत. सांगणारा एकटा जात नाही, घरातलं वडीलधारं माणूस सोबत नेतो. आत बायकांजवळ आधीच एखादी जवळची बाई पाठवून ठेवतो. मग बसतो आणि आधी गुरांची चौकशी करतो. ऐकणारा उत्तरं देतो, आणि देता देता त्याला कळत जातं.

मी नुरलानला अडवलं नाही. ढवळीचं सांगितलं. सोयाबीनचं सांगितलं. मग तो म्हणाला, सूर्यफुलाचं शेत होतं. खड्डा नुरलानने स्वतः खणला. तिथून काही आणता येणार नाही. विपुल जिथे थांबेल तिथे ढेकूळ उचलून बोटांनी फोडून पाहायचा. ‘ती जमीन त्याच्या ओळखीची होती, एवढं घरी सांगा.’

हे पत्र पोस्टाने येणार नाही. सकाळच्या गाडीने मी दर्यापूरला येईन, सूर्यभानदादांना सोबत घेईन आणि तुझ्या हातात देईन. तोवर चंदाताई आत मैनावहिनींजवळ बसलेल्या असतील. दादांना आणि चंदाताईंना मी कारण सांगितलेलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. तोंडाने मला हे जमलं नसतं. पण फिरवून सांगू नकोस असं तू म्हणाला होतास, म्हणून शेवटचं आपल्या बोलीत लिहितो. विपुल गेला रे, खुशाल. आता मान वर कर. आमी समोरच बसून हावो.

तुझाच,
इन्या