मिठागरावरचा पिवळा रंग

आई, आज पेणच्या पालिकेत सुनावणी होती. पुढं गाव कुठल्या अंगानं वाढवायचं, त्याचा नकाशा भिंतीवर लावला होता. धरमतरच्या बाजूचं बंद पडलेलं मिठागर त्यात पिवळं रंगवलंय. पिवळं म्हणजे घरं बांधायला मोकळीक. ज्या मिठागरात तू मजुरी केलीस तेच मी पुढं विकत घेतलं, हे तुला माहीतच आहे. आजूबाजूच्या जमीनवाल्यांनी तर कालच पेढे वाटले. आणि मी हात वर करून उभा राहिलो, हरकत घ्यायला.

रोह्याच्या कंपन्यांना भराव टाकून टाकून मी मोठा झालो. खड्डा दिसला की मला तिथं मुरूमच दिसायचा. त्याच रगीत मिठागराच्या कडेला भराव टाकून तुला बंगला बांधला. वास्तुशांतीच्या दिवशी तू अनवाणी स्वयंपाकघरात आलीस, नव्या लादीवर टाच आपटलीस. मिठागराचा तळ तुडवताना तुम्ही बाया रांगेनं आपटायच्या, तशी. तळ पिकून घट्ट झाला की नाही ते तुला टाचेच्या आवाजावरनं कळायचं. लादीवर दोनदा आपटून म्हणालीस, "बाला, खाली पानी हाय. त्याची जागा तू घेतलीस, आता ता जाईल कुठं?" पाहुणे हसले. मी म्हणालो, "आई, चार लोकांत अडाण्यासारखं बोलू नको." तू पदर खोचून पुऱ्या लाटायला बसलीस.

त्याच पावसाळ्यात उधाणाचं पाणी स्वयंपाकघरात आलं. तू गॅस विटांवर चढवलास आणि पाण्यात उभी राहून मला भाकरी वाढलीस.

आज मी म्हणालो, "गाव वाढवायचंय ना, मग स्टेशनाजवळ वाढवा. बाजारपेठेतले मोकळे प्लॉट आधी भरा, दोन मजल्यांचे तीन करा. पोरं शाळेत चालत जातील. मिठागर पाण्याला राहू द्या." मागनं एक जण बोलला, "शेट, सोताच्याच ताटात माती कालवताय व्हय?" मी म्हटलं, "माती कालवूनच मोठा झालोय बाबा." सगळे हसले. नकाशा समजावून सांगणारी पालिकेची मुलगी मात्र हसली नाही. "काका, हे कुठल्या अहवालात आहे?" म्हणाली. "अहवाल नाय. आई होती," म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं. पिवळा पुसतील की नाही, देव जाणे.

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्या पितळी डब्यात ठेवतो. एकच सांगायचं राहिलंय. वास्तुशांतीला पाहुणे गेल्यावर दुपारी तू मागच्या अंगणातनं विटा ओढत आणल्यास आणि ओट्याखाली रचल्यास. मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून पडलो होतो. झोप लागली नव्हती, आई. एकूण एक वीट ऐकली मी.