प्रिफरच्या पुढं टू

बाई, तुम्ही गेलात त्याला आता चौदा वर्षं झाली. नगरजवळच्या नागापूरच्या या दोन खोल्यांत मी एकटीच असते. हे वारले, मुलगा नोकरीला लांब. आज शेजारची मुलगी इंग्रजीचं व्याकरण विचारायला आली आणि तुमचा दहावीचा वर्ग आठवला.

पुणतांब्यात तेव्हा एसटीडी बूथ नुकता उघडला होता. दोन गोष्टींतली कुठली जास्त आवडते ते सांगणारी वाक्यं तुम्ही लिहायला लावलीत, आणि सगळ्या वर्गानं ‘आय प्रिफर मिल्क दॅन टी’ लिहिलं. तुम्ही म्हणालात, “मराठीत ‘पेक्षा’ म्हणता, म्हणून इथं दॅन घालता. प्रिफरच्या पुढं टू येतं. दॅनच हवं असेल तर वुड रादर वापरा.” मी वहीत लिहिलं, ‘आय वुड रादर स्टडी दॅन मॅरी.’ तुम्ही वाचलंत, बरोबरची खूण केलीत.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या. आई भाकरी थापतेय, वडील चुलीपाशी बसलेत. “परीक्षा झाली की हिला नगरला माझ्या बहिणीकडं ठेवते. कॉलेज करू द्या,” तुम्ही म्हणता. वडील चुलीत लाकूड सारतात. मग म्हणतात, “स्थळ चांगलं हाय, बाई. पोरगा कंपनीत हाय. पन तिलाच इचारा. मी आडवा येनार न्हाई.”

सगळे माझ्याकडं बघतात. आईचा हात परातीत थांबलाय. मला काय हवंय ते त्या घरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी खाली बघत म्हणते, “तुम्ही ठरवाल तसं.”

दुसऱ्या दिवशी वही देताना तुम्ही एवढंच म्हणालात, “वाक्य बरोबर होतं तुझं.” त्यापेक्षा रागावला असतात तर सोसलं असतं.

उन्हाळ्यात लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर घरात बोलायला कुणी नसायचं. तशात तुमचं कार्ड आलं: कशी आहेस, उत्तर इंग्रजीत लिही. तीनदा लिहायला बसले. खोटं लिहवेना, खरं लिहायचं धाडस होईना. पुढं माहेरी आले तेव्हा तुम्ही बाजारात भेटलात, कार्डाचं विचारलंत. मी म्हणाले, मिळालंच नाही. “पोस्टाचं असंच,” म्हणून तुम्ही हसलात.

बाई, ते कार्ड तेव्हा माझ्या पिशवीतच होतं.